ढाणकीहून निघालेले तुकडे

"ताई, फोटो जाऊन नाही राह्यले."

ढाणकीहून फोन होता. तिथे आमच्या सेंटरची छोटी शाखा आहे. तिथली एक्स-रे काढणारी बाई एक्स-रेला कधीच एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणते. पेशंटही फोटोच म्हणतात, आणि इतकी वर्षं ऐकून मीही म्हणायला लागले आहे. फोन आला तेव्हा मी यवतमाळला, मुख्य सेंटरच्या सर्व्हरच्या खोलीत स्टुलावर उभी होते. एसीतून पाणी गळतं ते नेमकं कुठून, हे पाहत होते.

"एकही नाही?"

"सकाळपासून एक बी नाही. पण नावं जाऊन राह्यली. तुमच्याकडं पाहा बरं, एका आजीचं नाव आलं का? उजवा खुबा."

मी खाली उतरून पाहिलं. आजीचं नाव होतं, वय होतं, उजवा खुबा असंही लिहिलेलं होतं. फक्त खुबा आला नव्हता.

आमचं काम असं चालतं. ढाणकीला मशीन आहे आणि ही बाई आहे. पुसदलाही एक शाखा आहे. एक्स-रे वाचणारे डॉक्टर मात्र यवतमाळात बसतात. फोटो तारेतून इकडे येतो, डॉक्टर तो वाचतात आणि रिपोर्ट परत जातो. ही ये-जा चालू ठेवणं ही माझी नोकरी. वायरी, राउटर, आणि बाहेरून येणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट तपासून आत सोडणारी फायरवॉल, हे सगळं माझ्याकडे. आमच्या घरात सगळे कोर्ट नाहीतर कलेक्टर कचेरीत नोकरी केलेले. आजोबा, वडील, दोन्ही काका. मी वायरींच्या मागे लागले याचं वडिलांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. मला मात्र लहानपणापासून वस्तू दुरुस्त होण्यापेक्षा ती बिघडली कशानं हे कळण्यात जास्त गोडी. मिक्सर दुरुस्त करायला माणूस घरी आला की मी त्याच्या समोर मांडी घालून बसायची आणि तो वैतागेपर्यंत विचारत राहायची.

"काही बदललं का तिकडे?" मी विचारलं.

"काही नाही." मग ती म्हणाली, "रस्त्याचं खोदकाम चालू हाये. वायर तुटली होती. मंग केबलवाल्यानं पाण्याच्या टाकीवर छत्री लावून नेट देलं. पण नेट तं मस्त चालते. व्हिडिओ बी चालते."

म्हणजे बदललं होतं. पण नेट मस्त चालतंय म्हटल्यावर मीही त्या छत्रीवरचा, म्हणजे डिश अँटेनावरचा, संशय सोडून दिला आणि दिवसभर भलतीकडेच शोधत राहिले. सर्व्हर बंद करून चालू केला. मशीनच्या कंपनीला फोन केला. तिकडे ती स्क्रीनवर दिसणाऱ्या एक्स-रेचा मोबाइलनं फोटो काढून डॉक्टरांना पाठवत होती. डॉक्टर मला केबिनमध्ये बोलावून तो फोटो दाखवत म्हणाले, "हे बघा. खुब्याच्या हाडावर जी पांढरी रेघ दिसतेय ती फ्रॅक्चर आहे की तिच्या खोलीतली ट्यूबलाइट आहे, तुम्ही सांगा मला."

ते ठरवणं डॉक्टरांनाही जमेना. धोका नको म्हणून त्यांनी आजीला पुसदला न्यायला सांगितलं. जीपमध्ये गादी टाकून तिला नेलं, तिथे दुसरा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. नुसता मुका मार. म्हातारीनं दुखऱ्या कमरेनं जातायेतानाचे सगळे खड्डे विनाकारण सोसले. ढाणकीच्या बाईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग होता. राग माझ्यावर नव्हता, पण मला तो लागला.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यापासून सुरुवात केली. नाव येतं आणि फोटो येत नाही, तर दोघांत फरक काय? फरक एवढाच, की नाव लहान असतं आणि फोटो मोठा. म्हणून मी यवतमाळहून ढाणकीच्या मशीनकडे नुसती चाचणीची पॅकेटं पाठवायला लागले, दर वेळी आधीपेक्षा थोडं मोठं. ढाणकीची बाई फोनवर होतीच.

"त्याच्यात काय भरून पाठवता, ताई?"

"काही नाही. तीच तीच अक्षरं. उत्तर येतं का तेवढं पाहायचं."

लहान पॅकेट गेलं, उत्तर आलं. मोठं पाठवलं, आलं. आकडा चौदाशेच्या थोडा वर गेला आणि उत्तर बंद. एक आकडा खाली आलं की येई, वर गेलं की गप्प. मी पाच-सहा वेळा खालीवर करून पाहिलं. इतकी स्वच्छ रेघ पाहून मला राग यायच्या ऐवजी मजा वाटायला लागली. वायर खराब असती तर कधी गेलं, कधी नाही, असं झालं असतं. इथे कोणीतरी मापं घेऊन अडवत होतं.

नेटवर कुठलीही मोठी वस्तू सलग जात नाही, लहान लहान पॅकेटांत जाते, आणि एका पॅकेटचा आकार किती असावा याचं माप ठरलेलं असतं. टाकीवरच्या छत्रीतून येणाऱ्या लाइनचं माप जुन्या वायरीपेक्षा जरा लहान होतं. शिवाय पेशंटची माहिती कोणाला वाचता येऊ नये म्हणून ढाणकीचं प्रत्येक पॅकेट आम्ही वरून आणखी एका वेष्टनात गुंडाळून पाठवतो. त्यानं ते थोडं फुगतं. जुन्या वायरीत ते फुगूनही कसंबसं मावत होतं. नव्या लाइनीत मावेना. मावलं नाही की वाटेतला राउटर पॅकेट कापून त्याचे दोन तुकडे करतो. तुकडे आपापले येतात आणि पोचल्यावर पुन्हा जोडले जातात. यात वावगं काही नाही. नेटची पद्धतच ती आहे.

मग आमचे तुकडे जोडले का जात नव्हते?

फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला काय येतं आणि आतल्या बाजूला काय पोचतं, हे मी एकाच वेळी दोन खिडक्यांत लावून पाहिलं. ढाणकीच्या बाईला एक फोटो पाठवायला सांगितलं. बाहेरच्या खिडकीत जोड्या दिसायला लागल्या. एक मोठा तुकडा, त्याच्या मागे एक छोटंसं शेपूट. मोठा, शेपूट. मोठा, शेपूट. आतल्या खिडकीत नुसते मोठे. शेपूट एकही नाही. आत गेलेला प्रत्येक मोठा तुकडा आपल्या शेपटाची वाट पाहत थांबायचा आणि वेळ संपली की फेकला जायचा.

आता कुठे शोधायचं ते कळलं. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये, जिथे वर्षानुवर्षं कोणी जात नाही अशा एका पानावर, एका ओळीपुढे टिक केलेली होती. ओळीचा अर्थ असा, की तुकडे होऊन आलेल्या पॅकेटांचे पहिल्यानंतरचे सगळे तुकडे टाकून द्यावेत.

ही टिक काढली की झालं. माउस तिथपर्यंत नेला आणि थांबले. कंपनीकडून ही फायरवॉलची पेटी येते तेव्हा तिथे टिक नसते, हे मला माहीत होतं. म्हणजे कोणीतरी मुद्दाम त्या पानावर जाऊन ती केली होती. काहून?

टिकमागे काहीतरी तर्क होता, हे मलाही दिसत होतं. पॅकेट आत कुठल्या कामासाठी चाललं आहे हे त्याच्या पोर्टच्या आकड्यावरून कळतं. फायरवॉल तो आकडा वाचून सोडायचं की नाही ते ठरवते. पण पॅकेट कापलं गेलं की तो आकडा पहिल्याच तुकड्यात राहतो. मागच्या तुकड्यांवर फक्त आपण कोणत्या पॅकेटचे आणि कितवे एवढंच असतं. कुठे चाललो, कशाला चाललो, काही नाही. अशांना न विचारता सोडायचं म्हणजे पहारा ठेवून उपयोग काय? आणि ती टिक सरसकट होती, ढाणकीपुरती सूट देता येत नव्हती.

मी टिक तशीच ठेवली. ढाणकीच्या बाईला सांगितलं, दोन-तीन दिवस फोटो पेनड्राइव्हवर घाल आणि पुसदच्या गाडीनं पाठव, पुसदची जुनी लाइन चांगली आहे, तिथून मी इकडे ओढून घेते.

"मंग तुमी काय करता तोवर?"

"ती टिक कोणी केली ते शोधते."

"सापडलं का मले बी सांगजा," ती म्हणाली. तिला खरंच ऐकायचं होतं.

पेटी ज्या दुकानातून घेतली होती तिथे विचारल्यावर ती बसवणाऱ्या माणसाचा पत्ता लागला. आता तो वणीला होता, कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर, तिथली कॉम्प्युटरं सांभाळत. फोन लावला तर नुसती ट्रकांची घरघर. मी ओरडून विचारलं, त्यांनी ओरडून उत्तर दिलं, "फोनवर काही ऐकू नाही येऊन राह्यलं. या ना वणीले."

मी सकाळच्या गाडीनं निघाले. करंजी, मारेगाव करत वणी. एका टिकचं कारण विचारायला एवढ्या लांब निघाले, हे नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि डबा भरून हातात दिला.

वजनकाट्याच्या ऑफिसात सगळ्यावर काळी भुकटी होती. खिडकीच्या गजांवर, पाण्याच्या जारवर, भिंतीवरच्या देवाच्या फोटोवर. साठीला टेकलेला एक माणूस दाढीच्या ब्रशनं कीबोर्ड साफ करत बसला होता. मी कोण ते सांगितलं आणि सरळ विचारलं, "भाऊ, यवतमाळच्या आमच्या पेटीत तुकडे टाकून द्यायची टिक तुम्ही केली होती का?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "हाव. म्याच केली. मी सगळ्याच पेट्यांत करत होतो."

"का पण?"

"बसा, सांगतो. पण हसू नका."

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. पुष्कळ वर्षांपूर्वी ते वणीतल्याच एका ऑफिसात नेटचं काम पाहत. भर उन्हाळ्यात तिथली फायरवॉल दुपार झाली की बंद पडायची. बंद करून चालू केली की चालायची, दुसऱ्या दुपारी परत तेच. वणीची दुपार, त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं की पेटी तापते. आधी टेबलफॅन लावला. मग तिच्यासाठी वेगळा कूलर आणला, ताज्या वाळ्याच्या टट्ट्यांचा. एक दिवस ते आले तर शिपायानं पेटीवर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं.

"वायरीवर पाणी टपकून राह्यलं होतं, मॅडम. म्या धावतच गेलो."

"मग?"

"मंग नवी पेटी आणली. तेही दुपारीच मेली. तवा म्हटलं, हे काही उन्हाचं काम नाही. समोर खुर्ची टाकून बसलो. काय येते, काय जाते, सगळं पाहत. आन पाह्यलं तं काय, पहिलेच तुकडे. हजारानं. मागचा तुकडा एकाचाही नाही."

मी पुढे सरकले. "म्हणजे पेटी प्रत्येकासाठी थांबत होती?"

"हाव ना! याचं बाकीचं येईन म्हणून याले धरून बसली, त्याचं येईन म्हणून त्याले धरून बसली. धरता धरता मेमरी भरली, आन पेटी आडवी. कोणीतरी जाणूनबुजून अर्धेच पाठवत होतं. म्या टिक केली, त्या दिवशी बंद झालं सगळं."

"पाठवत कोण होतं?"

"ते आजपर्यंत माईत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांनीही तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. "आपल्याशी कोनाचं काय वैर? कुठीतरी बसून साऱ्या दुनियेले पाठवत असन. दुपारचं काहून, तेही समजलं नाही. त्याच्याकडं तवा रात्र असन कदाचित."

"आणि कूलर?"

"कूलर राहू देला. साहेबलोकाईले बरं वाटे."

मी हसले. हसू नका म्हणाले होते, पण आता तेही हसत होते.

मग मी लॅपटॉप उघडून आमच्या पेटीचं ते पान दाखवलं. मधल्या काळात कंपनीनं पेटीचं सॉफ्टवेअर पुढे नेलं होतं. जुनी टिक तशीच राहिली, पण तिच्या खाली आणखी एक पर्याय आला होता. तुकडे आले की दारातच थांबवायचे, सगळे जमले की जोडून वाचायचे, वाचून पटलं तरच आत सोडायचं. एका वेळी किती पॅकेटांना असं थांबू द्यायचं आणि किती वेळ, ते आकडे आपण घालायचे. त्यांनी चष्मा काढला, डोळे स्क्रीनपाशी नेले आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. बाहेर एक ट्रकवाला काट्यावर उभा राहून हॉर्न वाजवत होता.

"हे नव्हतं आमच्या वेळेस," ते म्हणाले. "हे असतं तं म्या टिक केलीच नसती. अन हे खालचं काय हाये?"

"एकमेकांवर चढणारे तुकडे टाकून द्यायचे."

"हे पहिले चालू करा. त्याच्यात बी खोड्या असतात. पहिल्यात एक लिहून पाठवतात, आन दुसरा तुकडा त्याच्यावर असा चढवतात का जोडताना वरचं पुसून भलतंच तयार होते. पहारेवाल्यानं वाचलं एक, घरात गेलं दुसरं." त्यांनी एका तळव्यावर दुसरा तळवा अर्धा सरकवून दाखवलं. दोन्ही तळवे काळे होते. "अन थांबू देणारे कमी ठेवा, ताई. लय कमी."

मॅडमची ताई कधी झाले कळलं नाही. निघताना ते म्हणाले, चालू कराल तेव्हा मला कळवा, काय होते ते ऐकायचं आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जेवायला गेल्यावर मी ती टिक काढली, थांबवून जोडायचा पर्याय चालू केला आणि थांबू द्यायचा आकडा वणीच्या भाऊंनी सांगितला तसा अगदी कमी ठेवला. ढाणकीच्या बाईनं एका पायाचा फोटो पाठवला. आतल्या खिडकीत तुकडे नव्हतेच, जोडलेली अख्खी पॅकेटं एकामागून एक येत होती. फोटो उघडला. घोटा, टाच, बोटांची बारीक हाडं, सगळं लख्ख.

"आला का?" ती.

"आला."

"बाप्पा!" ती म्हणाली, आणि मागे कोणाला तरी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भराभरा काहीतरी सांगितलं. तिचं घर ढाणकीजवळच्या तांड्यावर आहे आणि तांड्यावरचं कोणी आलं की ती फोन न ठेवताच भाषा बदलते.

मी वणीला फोन करून सांगितलं. तेही खूश झाले. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण ढाणकीचा बाजार भरला त्या दिवशी फोटो पुन्हा अडकायला लागले. या वेळी सगळे नाही. चार येत, एक अडकत होता. तो पुन्हा पाठवला की येई, आणि मग दुसराच कुठला तरी अडके. मी फायरवॉलचे आकडे उघडून पाहिले. जागा नाही म्हणून टाकलेले तुकडे, या नावाचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. बाजाराला आलेले लोक दवाखान्याचं कामही त्याच फेरीत उरकतात, त्यामुळे ती फोटोमागून फोटो पाठवत होती, आणि मी दारात बसायला जागा ठेवली होती चार माणसांची. वणीच्या भाऊंची भीती मी जशीच्या तशी उचलली होती. त्यांची पेटी जुनी, लहान मेमरीची. आमची तशी नव्हती. मी जागा वाढवली, थांबायची वेळ कमी केली, आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं.

पण एक गोष्ट मनातून जाईना. किती तुकड्यांना थांबू द्यायचं याचा मी विचार करत होते. मुळात इतके तुकडे होतातच का, याचा केला नव्हता. ढाणकीच्या मशीननं पहिल्यापासूनच जरा लहान पॅकेटं बनवली, तर वाटेत कोणाला कापायची गरजच पडणार नाही. त्यासाठी ढाणकीच्या राउटरवर एक ओळ घालायची होती. इथून घालता आली असती, पण चुकली असती तर लाइन तुटली असती आणि ती चूक दुरुस्त करायला आत जायची वाटही तिच्याबरोबर गेली असती. म्हणून मी स्वतः जायचं ठरवलं.

आर्णी, महागाव, उमरखेड, तिथून ढाणकी. दारात एक उंच, सडसडीत बाई उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. कित्येक वर्षं आम्ही रोज बोलत होतो आणि एकमेकींना पाहिलं नव्हतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, तुमी तं लहानशाच निघाल्या. मले वाटे चांगल्या धिप्पाड असान. आवाज तसा हाये."

"मला वाटायचं तू बुटकी असशील."

"असं कसं वाटलं?"

आम्ही दोघी हसत आत गेलो. तिनं आधी मला मशीन दाखवलं, ते कसं कुरकुरतं, कुठे हात ठेवला की गप्प बसतं ते दाखवलं, मग गच्चीवर नेऊन टाकीवरची छत्री दाखवली. वाऱ्यानं ती किंचित हलत होती. शेजारच्या अंगणात हळद वाळत घातली होती, तिचा वास वरपर्यंत येत होता.

राउटरवर ओळ घालायला काहीच वेळ लागला नाही. घातली आणि श्वास धरून बसले. लाइन तुटली नाही. तेवढ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेली एक बाई मनगट धरून आली. हिनं तिचा फोटो काढला, पाठवला. मी लॅपटॉपवर खिडकी उघडून ठेवली होती, फक्त तुकडे दिसतील अशी. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"काहीच नाही दिसून राह्यलं."

"तेच पाहिजे होतं. आता तुकडे होतच नाहीत."

"मंग ते पहिलं टिक परत करता का? तुकडे येतच नाहीत तं टाकून द्या."

"नाही. उद्या लाइन परत बदलेल, किंवा दुसरं कोणीतरी वाटेत कापेल. जोडून वाचायचं तसंच ठेवते."

तिनं त्या रिकाम्या खिडकीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "ताई, अन शेपूटच पहिले पोचलं, मोठा मागून आला, तं? शेपटावर तं काही लिहिलेलं नसते म्हणता तुमी. मंग पेटी त्याले ओळखते कशी?"

मला पुस्तकातलं उत्तर माहीत होतं. पेटी शेपटालाही ठेवून घेते, पहिला तुकडा आला की मग ठरवते. पण आमची पेटी खरंच तसं करते का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी वणीला फोन लावून स्पीकर चालू केला आणि तिलाच विचारायला सांगितलं.

"ठेवते," वणीचे भाऊ म्हणाले. आज काट्यावर ट्रक कमी होते, ऐकू येत होतं. "ठेवाले पाहिजे. पण तुमच्या पेटीचं म्या सांगू शकत नाही. करून पाहा ना."

"कसं करू? शेपटाले पुढं धाड म्हणून सांगू का?" ती म्हणाली.

"ताईले म्हणा प्रोग्राम लिहा. हातानं तुकडे बनवा, आन उलटे सोडा."

मग मी तिच्या टेबलावर बसून चार-सहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. चाचणीचं एक पॅकेट हातानं दोन तुकड्यांत कापलं. आधी शेपूट सोडायचं, मग थोडं थांबून पहिला तुकडा. एंटरची कळ दाबायला मी तिला सांगितलं. फोनवर वणीचा काटा घरघरत होता, भाऊ ऐकत होते.

तिनं कळ दाबली. शेपूट गेलं. काही नाही. मग पहिला तुकडा गेला, आणि लगेच यवतमाळहून उत्तर आलं. पेटीनं शेपूट ठेवून घेतलं होतं.

"आलं!" ती फोनमध्ये ओरडली.

"आता मधात जास्त वेळ थांबा," भाऊ तिकडून म्हणाले.

आम्ही थांबायची वेळ वाढवली. उत्तर आलं. अजून वाढवली. पहिला तुकडा गेला आणि या वेळी काहीच आलं नाही. पेटीनं वाट पाहून शेपूट फेकून दिलं होतं. नेमकं कुठे तुटतं ते पाहायला आम्ही वेळ थोडी खाली, थोडी वर करत राहिलो. भाऊ मध्येच काट्यावरच्या ट्रकवाल्याला थांब म्हणत होते. आम्हा तिघांनाही या कामाची आता काही गरज नव्हती. तरी कोणी थांबेना.

शेवटी यवतमाळहून डॉक्टरांचाच फोन तिच्या मोबाइलवर आला. "मनगटाला बारीक तडा आहे. अगदी बारीक, पण स्पष्ट दिसतोय. प्लास्टरला पाठवा."

ती उठली आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाईजवळ जाऊन बसली. तिचा दुखरा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला आणि तिच्याशी गोरबोलीत बोलायला लागली. मला त्यातला एकच शब्द कळला, याडी, म्हणजे आई. कोण कोणाला आई म्हणत होतं ते कळलं नाही. मी फोन कानाला लावला. वणीचे भाऊ अजून लाइनवर होते, आणि शेपटं दोन असली तर काय होते, असं विचारत होते.